आडेखोलच्या समाजगृहाची चावी

रविवार, ६ एप्रिल २०२५

ही डायरी बँकेने फुकट दिलेली. तीन महिने कोरी पडून होती, आजपासून लिहायला घेतो. शिवडीच्या गोदामात एकतीस वर्षं काढली. तिथे जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असा कायदा होता. उद्या कोणी विचारलं की आडेखोलच्या बायकांना स्वतःच्या पायावर कोणी उभं केलं, तर पुरावा असलेला बरा.

रामनवमीचा सुंठवडा खाऊन परळच्या खोलीत सभा झाली. खोली गावाची आहे. गिरणीत लागलेले आमचे वाडवडील इथे पाळीपाळीने पथाऱ्या टाकायचे, आता फक्त सभेपुरती उघडते. आडेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, स्थापना १९५४. अध्यक्ष रामजी घाडी, चिटणीस मी, बुधाजी धुरी. ठराव एकमताने पास : गावच्या बचत गटातल्या बावीस बायकांनी कोकमाची सोलं करायची आणि मंडळाने ती मुंबईत विकायची. ठाकूरद्वारचा दुकानदार हितेंद्र जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचशे पाकिटं घ्यायला तयार आहे. माल पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. नाही पडला तर रतांबे, म्हणजे ओली कोकमं, दरवर्षीसारखे झाडाखालीच ट्रकवाल्याच्या घशात जाणार आणि बायका गोव्याच्या हॉटेलांत चादरी बदलायला. गेल्या वर्षी सहाजणी गेल्या. त्यातली माझ्या चुलतभावाची बायको सीमा तेवढी परत आली, आणि गट तिनेच धरून ठेवलाय. यंदा जमलं नाही तर मीही जाणार आणि मग परत येणार नाही, असं तिने सांगून टाकलंय.

संयोजक म्हणून माझं नाव रामजीने सुचवलं. काम दुसऱ्याने करायचं असलं की रामजी फार उदार होतो.

संध्याकाळी सीमाला फोन करून बातमी दिली. म्हणाली, "बरा झाला, दादानू. आता तेवढी समाजगृहाची चावी धाडा." म्हटलं, बघू. आधी कामाला तर लागा!

गुरुवार, १० एप्रिल

गिरगावातल्या प्रेसमध्ये लेबलं छापायला टाकली. वर गणपती, खाली मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक, मग अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची नावं आणि माझा मोबाइल. रामजीला स्वतःचा फोटोही हवा होता. सोलांच्या पाकिटावर तुझं तोंड बघून गिऱ्हाईक पळेल, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

नमुना घरी आणला. शेवंतीने चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या. "सोलं केली कोणी ते कुठे लिहिलंय?"

म्हटलं, अगं, एवढ्याशा कागदावर बावीस नावं मावणार कशी?

"तुम्ही तिघे मावलात ना," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. चाळीस वर्षं संसार झाला, पण मंडळाच्या कामाचं कौतुक म्हणून या बाईच्या तोंडून ऐकलं नाही.

चावीचं इथे नोंदवून ठेवतो. समाजगृह मंडळाने २०११ साली देणग्या जमवून बांधलं. गावात बाकी सगळी घरं कौलारू, सिमेंटची गच्ची आहे ती या एकाच इमारतीला, आणि गच्चीचा जिना आतून. दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे, तिसऱ्या ओळीत मी. २०१४ साली कोणाच्या तरी लग्नाला उघडून दिलं तर अकरा खुर्च्या मोडल्या. तेव्हा घटनेत कलम चौदा घातलं : चावी मुंबईच्या चिटणिसाच्या ताब्यात राहील. जत्रेला आणि मे महिन्यातल्या सत्यनारायणाला आम्ही गेलो की उघडतो. यंदा सत्यनारायण मुंबईतच उरकायचं ठरलंय, त्यामुळे तोही प्रश्न नाही. चावी एकच आहे. तेलाच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगली आहे. रोज पूजा झाली की हात लावून खात्री करतो. गोदामाची सवय, जात नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

डोकं फिरलंय. पहिला नमुना आला, दोन किलो. ठाकूरद्वारला हितेंद्रच्या गल्ल्यासमोर पिशवी सोडली. वर सोलं झकास, लालभडक. त्याने हात खाली घातला आणि खडे, गवताची काडी आणि कोंबडीचं एक पीस बाहेर काढलं. पीस काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, ये क्या है? मी व्हेज माल विकतो." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. या वयात हसं करून घेण्यासाठी मी टॅक्सीचे पैसे घालून गेलो होतो!

घरी येऊन सीमाला झाडली. ती शांतपणे म्हणाली, "खळ्यात सुकत घातलं तर कोंबडी येतलीच. कुत्रो येता, वाऱ्याबरोबर धूळ येता. गच्ची गावली तर एक खडो दिसूचो नाय. चावी धाडा ना, दादानू."

सारखी चावी, चावी! मूळ प्रश्न स्वच्छतेचा आहे, शिस्तीचा आहे. अंगणात कोंबड्या असतील तर कोंबड्यांकडे लक्ष ठेवायला नको? रात्री जेवणाआधी बसून 'स्वच्छतेचे बारा नियम' लिहिले. नियम पहिला : कोंबड्या बांधून ठेवाव्यात. उद्या लॅमिनेट करून बावीस प्रती पाठवतो.

शेवंती म्हणाली, कोंबडी बांधून ठेवता येते हे मला आजच कळलं.

रविवार, २७ एप्रिल

कार्यकारिणीची सभा. गटाचं पत्र आलं होतं, खाली बावीस सह्या आणि त्यात चार अंगठे : मे अखेरपर्यंत समाजगृहाची चावी मिळावी, गच्चीवर सोलं सुकवू, पाऊस आला तर आत घेऊ, झाडून-पुसून परत करू. मी रीतसर विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घेतलं. माझ्या बाजूने कसूर नाही.

पहिले दोन विषय तास-दीड तास चालले. दुसरा विषय होता सत्यनारायणाला केळीचे खुंट भायखळ्याहून आणावेत की दादरहून. मग अर्धे लोक चहाला उतरले ते परत आलेच नाहीत. सभासद अकरा हवेत, उरलो सात. रामजीने सभा तहकूब केली. विषय सात तसाच राहिला. पुढची सभा जूनमध्ये.

खाली उतरताना रामजी म्हणतो, "आज चावी देशील, उद्या म्हणतील खोलीपण द्या." कलम चौदा बदलायचं तर साधारण सभा लागते, माझ्या एकट्याच्या हातात काय आहे?

गुरुवार, १ मे

सुट्टीचा सदुपयोग. मोबाइलवर गावच्या बायकांसाठी व्याख्यान घेतलं : 'स्वावलंबनाची सात पावलं'. आठवडाभर तयारी केली होती. रेंज फक्त समाजगृहाच्या ओट्यावर येते म्हणून सगळ्या तिथे उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसल्या. त्यांच्या मागे बंद दार आणि माझं पितळी कुलूप छान दिसत होतं. चौदा वर्षांत गंज नाही.

चार पावलं व्यवस्थित झाली. पाचवं पाऊल होतं, स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिका. त्यावर गटातली सगळ्यात थोरली, बाबल्याची म्हातारी, मधेच उठली आणि मोबाइलच्या अगदी तोंडाशी येऊन म्हणाली, "मगे ह्या कुलूप फोडूचा काय आमी?"

सगळ्या खो खो हसल्या. मी म्हटलं, विषयाला धरून प्रश्न विचारा. सहावं आणि सातवं पाऊल मी जेमतेम दहा मिनिटांत उरकलं. ही माणसं सुधारणार कधी असा विचार करत बसलो. शेवंती पलीकडे चणे निवडत होती. तिने सगळं ऐकलं असणार.

सोमवार, ५ मे

वॉरेनला भेटायला भायखळ्याला गेलो. गोदामात आम्ही एका टेबलावर होतो, तो मालाचा हिशेब ठेवायचा आणि माझ्याकडे किल्ल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो गॅलरीतच बसलेला असतो. त्याला सगळं रडगाणं ऐकवलं : हितेंद्र, पीस, बारा नियम, म्हातारी.

तो म्हणाला, "बुधा, एक सांग. माल कुठे आहे?"

"गावी."

"आणि चावी?"

"लालबागला. माझ्या घरी."

"काय मॅन! आपल्या शेडची किल्ली तू बोरीबंदरला ठेवली असती तर साहेबाने तुला घरी बसवला असता."

म्हटलं, ती नोकरी होती, ही संस्था आहे. घटना आहे, कलम आहे. त्यावर तो बायकोला हाक मारून म्हणाला, "मॉड, बुधाला चहा दे, त्याला घटना झालीय." त्याची थट्टेची सवय जुनीच. सामाजिक कामातलं त्याला कळत नाही.

बुधवार, ७ मे

सीमाचा मोबाइलवर निरोप. बोललेलाच पाठवते. मी तो स्वयंपाकघरात लावला कारण शब्द नीट कळावेत. "दादानू, रतांबे आता पडाक लागले. वीस-पंचवीस दिस हातात आसत. चावी धाडा, नायतर नाय म्हणान सांगा. म्हणजे मी माझा बघतंय. गोव्याच्या बाईचो फोन इल्लो."

मी उत्तर पाठवलं : विषय विचाराधीन आहे.

शेवंतीने हातातला तवा जरा जोरातच ठेवला. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, उद्या डॉक्टरांकडे नेलं पाहिजे.

शुक्रवार, ९ मे

दुसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाई आज गावी गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला. त्यांचं गाव आडेखोलला लागूनच. शेवंतीने सीमासाठी त्यांच्याकडे लालबागच्या चिवड्याचा डबा दिला. पिशवी मीच खालपर्यंत पोचवली. डबा जरा जड होता आणि आत काहीतरी खडखडत होतं. विचारलं तर म्हणाली, "अख्खे शेंगदाणे आहेत." इतके मोठे शेंगदाणे कोण घालतं चिवड्यात? पण तिची माया सीमावर फार, असू दे.

शेवंतीचा रक्तदाब डॉक्टरांनी अगदी ठीक सांगितला.

बुधवार, २१ मे

चमत्कार! दुसरा नमुना आला. दोन्ही हातांनी चाळून पाहिला. खडा नाही, काडी नाही, पीस नाही. एकेक सोल मऊ आणि कोरडं. आणि हे केव्हा, तर गावी दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळतोय तेव्हा! नियम नववा, 'पावसाचा अंदाज घेऊन काम करावे', त्याचा हा परिणाम. कोणी कितीही हसो, लिखाणाचा उपयोग होतो.

हितेंद्रने एक सोल तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. पाचशे पक्की म्हणाला.

रामजीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आपल्या मंडळाचं नाव होणार. 'आपल्या' म्हणे. नियम लॅमिनेट करायला तू आला होतास काय?

सोमवार, २६ मे

पाऊस यंदा वेड्यासारखा लवकर आला. परळला गुडघाभर पाणी, हिंदमाताकडे बसगाड्या बंद. पण माझा जीव गावात. आठवडाभरात माल निघायचा आणि चार दिवस तिथे सूर्याचं दर्शन नाही. ट्रकवाल्याला रतांबे दिले असते तरी बरं, असं वाटायला लागलं. सगळ्या बायकांना नादी लावलं ते मी. वाया गेलं तर सीमा गोव्याला जाणार आणि मी जत्रेला कोणत्या तोंडाने जाणार?

पाच वेळा फोन लावला तेव्हा लागला. मागे बायकांचा गलका आणि आवाज घुमत होता, मोठ्या हॉलमध्ये घुमतो तसा. सीमा म्हणाली, "काळजी करू नकात. सगळा आत घेतला आमी."

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे आत," म्हणाली आणि लाइन गेली.

घराघरात थोडं थोडं ठेवलं असणार. बिचाऱ्या. शेवंतीला म्हटलं, बघ, गरज पडली की माणूस मार्ग काढतो, त्यासाठी समाजगृह लागत नाही. ती देव्हाऱ्यासमोर वात वळत होती. म्हणाली, "होय, होय." फार दिवसांनी माझ्याशी सहमत झाली. खुंटीवर चावी जागच्या जागी.

रविवार, ८ जून

पाचशे पाकिटं वेळेवर आली. परळच्या खोलीत बसून लेबलं चिकटवली. मंडळाचे नव्वद सभासद, मदतीला आले दोन. तेही जेवणाच्या वेळेला.

हितेंद्रने वर्षभराची ऑर्डर दिली. पण देताना काय म्हणाला? "काका, त्या सीमाताईंचा नंबर द्या. रोजचं बोलणं डायरेक्ट बरं पडतं." लेबलावर माझा नंबर ठळक अक्षरात असताना! दिला नंबर. येताना चालत ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत आलो आणि उसाचा रस प्यायलो, चव लागली नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण नवऱ्या मुलाचा बाप मांडवाबाहेर राहिल्यासारखं वाटत होतं.

रविवार, २२ जून

आज जे झालं ते नीट लिहितो.

सभेच्या सुरुवातीला माझा सत्कार. शाल, श्रीफळ, रामजीचं भाषण, त्यात माझ्याबद्दल दोन वाक्यं आणि स्वतःबद्दल बाकी. मग विषय सात. चावीवर चर्चा होणार म्हणून मी ती फडक्यासकट खिशात घालून नेली होती. हाताला हलकी लागली. वाटलं, तेल सुकलं असेल.

तेवढ्यात निलेश उठला. कार्यकारिणीतला सगळ्यात तरुण, वय बावन्न. कालच गावाहून आला होता. म्हणाला, "कसली चर्चा करताय? समाजगृह उघडंच आहे. बायका आत बसून काम करतायत. गच्ची लालेलाल झालीय." आणि मोबाइलवर फोटो. संगमरवरी पाटीच्या खाली परातीच पराती, बाबल्याची म्हातारी आमच्या देणगीच्या खुर्चीवर पाय पसरून बसलेली.

रामजी माझ्याकडे वळला. "चिटणीस, चावी दाखव."

मी फडकं सोडलं. एक पदर, दुसरा पदर. आत आमच्या लोखंडी कपाटाची चावी होती. कपाट आम्ही २००९ साली भंगारात दिलं.

मी पदर परत बांधले. सोळा माणसं बघत होती. म्हटलं, "चावी आहे." एकतीस वर्षं गोदामात खोटी नोंद केली नाही, आणि सत्काराची शाल अंगावर असताना खोटं बोललो.

मग सगळेच भडकले. त्यांनी दुसरी चावी करून घेतली, चोरी आहे ही, इतकी वर्षं आम्ही जपलं. ठराव झाला : कुलूप बदलावं, बायकांनी माल बाहेर काढावा, पुढे लागल्यास तीस दिवस आधी अर्ज करावा. पुढच्या रविवारी इतिवृत्त कायम करून अंमलबजावणी. भर पावसात माल बाहेर काढायचा म्हणजे वर्षभराची ऑर्डर गेली. हे मीही म्हणालो नाही.

सोमवार, २३ जून

शेवंतीला विचारलं. तिने लपवलं नाही. "चिवड्याच्या डब्यात घातली. तुम्हीच खाली नेऊन दिलीत."

मी ओरडलो. एवढा विश्वासघात! रोज त्या फडक्याला हात लावत होतो, मूर्खासारखा! मला एका शब्दाने विचारलं असतं तर?

रागावली की ती मालवणीवर येते. "इचारलेला नाय? त्या बायांनी किती वेळा इचारल्यानी? तुमी बघू म्हणालास. इचाराधीन म्हणालास. नाय म्हणाला असतास तर माणूस दुसरी वाट तरी बघता. हयसर लालबागेत बसान उंटावरसून शेळ्यो हाकतास, नि वर पायांर उभी रवा म्हणान त्यांका सांगतास. खय उभी रवतली? ओट्यार?"

दुपारी ही डायरी काढली, शेवंतीचं कसं चुकतंय हे दाखवायला. सहा एप्रिलला सीमाने विचारलं. बावीस एप्रिलला विचारलं. सत्तावीसला पत्र. एक मेला म्हातारी. सात मेला परत सीमा. पाच वेळा. माझ्याच अक्षरात, तारखेसकट. आणि एकवीस मेच्या पानावर मी नियम नवव्याचं कौतुक केलंय.

पान फाडावंसं वाटलं. गोदामात नोंदवहीचं पान फाडणं हा गुन्हा होता, म्हणून ठेवलं.

रविवार, २९ जून

सकाळी सभा. मी इतिवृत्त वाचायला उभा राहिलो आणि ठरावापाशी थांबलो. म्हटलं, कलम चौदाप्रमाणे चावी चिटणिसाच्या ताब्यात. ताब्यातली वस्तू कुठे ठेवायची ते चिटणीस ठरवेल. चावी कुलपाजवळ आहे. मीच पाठवली.

रामजीचे कान लाल झाले. "राजीनामा दे!"

देतो म्हटलं, आत्ता देतो. इतिवृत्त पुढे कोण लिहिणार? नोंदवही मी टेबलाच्या मधोमध ठेवली. सगळे पंख्याकडे बघायला लागले. निलेशला एकदम मोबाइल आठवला.

मग प्रश्न आला की कुलूप बदलायला गावी जाणार कोण. एकाची मणक्याची तक्रार, एकाची नात आलेली, रामजीला पावसाळ्यात घाट सोसत नाही. गणपतीला बघू, असं ठरलं. सत्तर वर्षांत मंडळाच्या आळसाचा गावाला एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला असेल. राजीनाम्याचं नावही परत कोणी काढलं नाही.

छाती जरा पुढे काढूनच घरी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती, निलेशच्या बायकोचा फोन. शेवंती दारातच म्हणाली, "चावीसुद्धा तुम्हीच पाठवलीत म्हणे?"

मी म्हटलं, तुझं नाव घेतलं असतं तर तुला बोलले असते.

"बोलू देत की. मी बोलून घेतलं असतं." आणि आत गेली.

चपला काढायच्या राहिल्या होत्या, तसाच बसलो. तिला वाचवायला म्हणालो की शाबासकी घ्यायला, ते माझं मलाच सांगता येईना. मग नोंदवही उघडली, सभेत लिहिलेलं 'मीच पाठवली' खोडलं आणि वर लिहिलं, 'शेवंती बुधाजी धुरी यांनी पाठवली'. शेजारी सही, तारीख. १९५४ पासूनच्या वह्या माझ्याकडे आहेत, एकाही पानावर बाईचं नाव नाही. बायकांना सभासदत्वच नाही. लिहायची सोय नव्हती, तरी लिहिलं.

वही तिच्यासमोर धरली. तिने चष्मा लावून वाचलं, दोनदा. हसली नाही. म्हणाली, "आणि त्या बावीस जणींचं?"

चार वाजता लेबलाचा कागद घेऊन बसलो. आमची तिघांची नावं खोडली, खालची जागा मोकळी केली. सीमा लिहिलं. पुढे बाबल्याची म्हातारी. तिचं नाव काय? सुताराची सून, शाळेपाशी राहते ती, लंगडणारी, तिचं? तीन महिने या बायकांसाठी माझी झोप उडालीय, आणि मला पाच नावं आली. बाकी सगळ्या कोणाच्या तरी बायका, सुना, म्हाताऱ्या.

सीमाला फोन लावला. म्हटलं, सगळ्यांची नावं सांग.

"कशाक, दादानू? आमका बाहेर काढतास काय?"

म्हटलं, नाही, लेबलावर घालायची आहेत. मग तिने फोन हातोहात फिरवला. हॉलमध्ये आवाज घुमत होता आणि एकेक जण स्वतःचं नाव सांगत होती. काही लाजत होत्या, एकीने दोनदा सांगितलं, मी नीट लिहिलं की नाही ते विचारलं.

शेवटी म्हातारी आली. "माझा नाव तुका ठावक आसा मां रे, बुधग्या? ल्हानपणी माझ्या झाडाचे रतांबे चोरलस."

"नाही गे," म्हटलं. "सांग."

"पार्वती," ती म्हणाली, आणि मी लिहून घेतलं.